मॉसी हॅनरहनचं शुद्धिपत्र

नोरा टूमी नावाच्या बाईंच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नाही. पत्र एका पानाचं होतं, अक्षर गोल आणि सुटं, आणि शेवटी एकच साधा प्रश्न. उत्तराला दहा ओळी पुरल्या असत्या. मी ते पत्र जाडजूड शब्दकोशात दडवलं, कारण आमच्या घरात शब्दकोश माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. गैरसोय एवढीच, की मी तो रोज उघडतो.

बाई आयर्लंडातल्या क्लेअर परगण्यातल्या. मी सांगलीच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेला ग्रंथपाल, मुक्काम श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, मुलाच्या घरी, बेसमेंटमधल्या खोलीत. आमच्या दोघांच्या मध्ये फुटबॉल कसा आला हे सांगायचं तर आधी आमच्या शेजाऱ्याकडे जावं लागेल. एरवी मी शेजाऱ्याकडे जात नाही. बेल वाजवायची मला भीती वाटते. दार उघडलंच, तर बोलायचं काय?

फ्रँक हॅनरहन स्वतःच आला. १९८७चा नोव्हेंबर. मी अंगणातली पानं गोळा करत होतो, म्हणजे एका ढिगातून दुसऱ्या ढिगात लोटत होतो. फ्रँक वूस्टरच्या अग्निशमन दलात तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे तो साधी हवा कशी आहे हे सांगतो तेही जिना कोसळत असल्यासारखं.

"प्रोफेसर! स्कॉटलंडने गोल केला!"

मी दगावलेल्यांची चौकशी करणार होतो, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसला म्हणून थांबलो. मग त्याने समजावून सांगितलं. युरोपच्या स्पर्धेसाठी आयर्लंडचे सगळे सामने संपले होते आणि संघ हताश होऊन घरी बसला होता. बल्गेरियाला आपल्याच मैदानावर स्कॉटलंडशी नुसती बरोबरी पुरणार होती. तिथे, सामना संपायला तीन-चार मिनिटं उरलेली असताना, देशाकडून पहिल्यांदाच उतरलेल्या एका स्कॉटिश खेळाडूने गोल केला, आणि आयर्लंड अशा मोठ्या स्पर्धेत इतिहासात प्रथमच पोचलं.

"म्हणजे तुम्ही न खेळता जिंकलात?" मी विचारलं.

"तेच तर!" फ्रँक म्हणाला, आणि माझ्या ढिगावर बसला.

'प्रोफेसर' हे त्याने मला पहिल्या भेटीत बहाल केलेलं पद. मी प्रोफेसर कधीच नव्हतो. ही दुरुस्ती लगेच करायची असं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. त्याला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

माझा स्वभाव असा, की माणसाशी बोलता आलं नाही तर निदान त्याच्या विषयावर वाचून ठेवावं. मी वूस्टरच्या वाचनालयातून आयरिश फुटबॉलची पुस्तकं आणली आणि हिवाळाभर त्यात बुडालो. मला चेंडू मारता येत नाही. लहानपणी एकदा मारला तो उलट आला. पण हा विषय फुटबॉलचा नव्हताच, तो सगळा वंशावळीचा होता! त्या एवढ्याशा बेटावर संघ दोन, उत्तरेचा आणि दक्षिणेचा, आणि बरीच वर्षं दोघंही साऱ्या बेटातून खेळाडू निवडत. त्यामुळे तीसहून अधिक माणसं दोन्ही आयर्लंडकडून खेळून गेली. जॉनी केरी नावाचे गृहस्थ तर १९४६ साली तीन दिवसांत दोनदा इंग्लंडशी खेळले, एकदा बेलफास्टला एका आयर्लंडकडून, मग डब्लिनला दुसऱ्या. कॉन मार्टिन देशाच्या संघात प्रथम उतरले ते जखमी गोलकीपरच्या जागी, आणि तीन वर्षांनी इंग्लंडला इंग्लंडातच हरवलं त्या सामन्यात पहिला गोल त्यांचा. आणि अलीकडे तर आजी आयरिश असली की पुरे, माणूस संघात. आजीचं माहेर शोधत फिरणारा हा जगातला एकच खेळ असावा, अशी माझी समजूत झाली.

ही समजूत मी फ्रँकला बोलून दाखवली ती माझी पहिली चूक. दुसरी अशी, की संभाषणात खंड पडू नये म्हणून मी पुढे म्हणालो, "आमच्याकडे घराण्याच्या आज्यांचीसुद्धा पुस्तकं असतात. मी एक संपादित केलंय."

ते खरं आहे. माझ्या नावावर आयुष्यात एकच पुस्तक आहे, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. पृष्ठं चारशे बारा, त्यांपैकी शुद्धिपत्र अकरा पानांचं, आणि शुद्धिपत्रात पुन्हा दोन चुका. त्यात आमचे राजाराम काका त्यांच्या वडिलांच्या आधी तीन वर्षं जन्मले. काका वारेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांची तक्रार नव्हती. ते अगोदरच गेले होते.

फ्रँकने माझा हात धरला. "प्रोफेसर, माझा काका मॉसी दोन्ही आयर्लंडकडून खेळलाय. माझा बाप शपथेवर सांगायचा. त्रेपन्न साली मॉसी इथे आला, तारेच्या कारखान्यात लागला, एकसष्ट साली वारला. लग्न नाही, मूलबाळ नाही. आमच्या क्लबात त्याची पितळी पाटी लावायचीय, जूनमध्ये, इंग्लंडच्या सामन्याच्या दिवशी. तुम्ही फक्त शोधून काढा."

माझ्या पुस्तकांत मॉसी हॅनरहन कुठेच नव्हता. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बघतो."

इथे रवीचा प्रवेश होतो. रवी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, मुलगा गुणी, कंप्युटरमध्ये काम करतो. त्या वर्षी मंडळापुढे संकट होतं. आदल्या गणपतीत एका शाळेच्या जिममध्ये पद्मिनी मावशींनी आरतीला कापराच्या एकशे आठ वड्या एकदम पेटवल्या, आणि छतातले आग विझवायचे फवारे सुरू झाले. मूर्तीचं विसर्जन जागच्या जागी झालं, असं रवी म्हणतो. शाळेला त्यात विनोद दिसला नाही. आता दोनशे माणसं मावतील असा एकच हॉल उरला होता, तळ्याकाठचा आयरिश क्लब. आणि त्याच्या हॉल कमिटीचा अध्यक्ष होता फ्रँक.

"काका, मी फोन केला त्यांना," रवी आनंदाने सांगत आला. "म्हणाले, गणपतीला हॉल? नक्की! प्रोफेसर माझ्या काकाचं काम करतायत ना! काका, यार, सगळं तुमच्यावर आहे. मॉसी खेळला की आपला गणपती बसला."

"आणि नसला खेळला तर?"

"असं निगेटिव्ह बोलू नका. कापराचंही विचारलं त्यांनी. अकरा वड्या, आणि बादली घेऊन ते स्वतः उभे राहणार."

मी कामाला लागलो. डब्लिनच्या एका कार्यालयाला लिहिलं. त्यांनी अत्यंत सभ्यपणे कळवलं, की आपण बेलफास्टला विचारावं. बेलफास्टच्या एका कार्यालयाने तितक्याच सभ्यपणे डब्लिनचा पत्ता दिला. देश दोन असण्याचा हा फायदा आपल्याकडच्या कचेऱ्यांच्या कसा लक्षात आला नाही कोण जाणे. मुलगा नरेंद्र म्हणाला, "बाबा, ड्रॉप करा ना हे." सूनबाई दीपा म्हणाली, "बाबा, सरळ सांगून टाका त्यांना." सरळ सांगता आलं असतं तर मी ग्रंथपाल कशाला झालो असतो?

उपयोगी सल्ला दिला तो पद्मिनी मावशींनी. "अहो, त्यांच्या गावच्या पाद्र्याला लिहा. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये सात पिढ्यांच्या चोपड्या ठेवतात. त्यांच्याकडे ठेवत नसतील?"

मी पाद्र्याला लिहिलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात फ्रँक दारात. "पाटीवाल्याला शुक्रवारी मजकूर हवाय, प्रोफेसर."

आता माझा गुन्हा सांगतो. कुलवृत्तांताच्या कामात एक रीत असते. प्रत्येक घर आपली माहिती आपणच लिहून पाठवतं, आणि संपादक ती तशीच छापतो. 'यांचा पेशवे दरबारी मान होता' असं आलं की मानाचा पुरावा मागायचा नसतो. मागितला तर पुढच्या लग्नाचं बोलावणं येत नाही. तीस वर्षांची ती सवय माझ्या हातात होती. हॅनरहन घराण्याची माहिती फ्रँकने दिली, मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली: 'मॉरिस (मॉसी) हॅनरहन, दोन्ही आयर्लंडकडून खेळला.' फ्रँकने ती पुरावा समजून डोळे पुसले, आणि मला न विचारता खाली एक ओळ घातली: 'संशोधन: प्रोफेसर श्रीरंग.' अशा रीतीने माझी चूक आणि माझं खोटं पद दोन्ही पितळेत कोरली गेली.

पाटी तयार झाली आणि आठवड्याने पत्र आलं. पाद्र्याने माझं पत्र नोराबाईंना दिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

'मॉसी आयुष्यात एकही सामना खेळला नाही. तो मैदानाची देखभाल करायचा, आधी दोन वर्षं बेलफास्टला, मग डब्लिनला. सामन्याआधी चुन्याच्या रेघा तोच मारायचा. मी डब्लिनला नोकरीला होते. रविवारी मैदानावर जाऊन मी दोरीचं दुसरं टोक धरायची. मधलं वर्तुळ तो कुणाला काढू द्यायचा नाही. देशामधली रेघ दुसऱ्यांनी मारली, म्हणायचा, ती बघा कशी वाकडी आहे. अमेरिकेहून त्याची दोन पत्रं आली, पुढे आली नाहीत. मी आता एकोणऐंशी वर्षांची आहे. तो कुठे पुरलाय, आणि त्याच्या दगडावर त्याचं नाव आहे का, एवढं कळवाल का?'

मी ते पत्र तीनदा वाचलं. उत्तर लिहायचं तर फ्रँकला विचारायला हवं, काका कुठे पुरलाय. विचारलं की तो म्हणणार, कोण विचारतंय? मग पत्र दाखवावं लागणार. पत्र दाखवलं की पाटी गेली, फ्रँक गेला, हॉल गेला, दोनशे माणसांचा गणपती रस्त्यावर. मी शब्दकोश उघडला आणि मिटला.

तरी मी निश्चय केला होता, की बारा जूनला पाटीवरचा पडदा सरकण्याआधी उभं राहून खरं सांगायचं. इंग्रजीत चार वाक्यं पाठ केली. सुहासिनीला, म्हणजे आमच्या हिला, म्हणूनही दाखवली. ती म्हणाली, "चांगलं आहे, पण मोठ्याने म्हणा."

त्या रविवारी सकाळी नऊला क्लब हिरव्या शर्टांनी भरला होता. सामना जर्मनीत, म्हणून रवीने कुठून तरी उपग्रहाची तबकडी आणून छपरावर बसवली होती. नऊ वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर एक स्पॅनिश बोलणारी बाई अंडी फेटताना दिसू लागली. रवीने तबकडी डावीकडे फिरवली. बाईंनी मैदा घातला.

"ही कोणत्या बाजूने खेळते?" मागून कुणीतरी विचारलं.

फ्रँकच्या कपाळावरची शीर बघून मला हॉलची चिंता वाटली, आणि मी नको ते बोललो. "माझ्याकडे शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. गाडीत." क्रिकेटचे आकडे ऐकायला मी तो जवळ बाळगतो.

रेडिओ टेबलावर ठेवला. नुसती खरखर. एरियलची तार मी हातात घेऊन खुर्चीवर चढलो आणि हात वर केला, तसा आवाज असा स्वच्छ आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात खाली घेतला, आवाज गेला. शंभर आयरिश माणसं एकदम ओरडली, "हात वर!"

मी हात वर केला. सहाव्या मिनिटाला आयर्लंडने गोल केला. मारणारा ग्लासगोत जन्मलेला, संघाचा मॅनेजर इंग्रज. ही माहिती माझ्याजवळ तयार होती, पण ऐकतो कोण! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. कुणीतरी माझ्या गुडघ्याचं चुंबन घेतलं. त्यानंतरची चौऱ्याऐंशी मिनिटं इंग्लंड गोल करायला धडपडत होतं आणि मी स्वातंत्र्यदेवीसारखा उभा होतो. हात बदलायचीसुद्धा परवानगी मिळेना. मध्यंतरात मी म्हणालो, "मिस्टर हॅनरहन, मला काही सांगायचंय…" आणि उतरायला पाय खाली घेतला.

"प्रोफेसर, हलू नका! लहर निसटेल!"

सामना एक-शून्य संपला आणि त्या गदारोळात फ्रँकने दोरी ओढून पाटी उघडी केली. माझी चार वाक्यं माझ्याबरोबर खुर्चीवर राहिली. उजवा खांदा अजून थंडीत दुखतो.

पुढचा उन्हाळा मी बेसमेंटमध्ये काढला. फ्रँक रोज गवत कापताना ओरडून नमस्कार करी, टोमॅटो आणून देई. शब्द बघायला कोश उघडावा तर ते पत्र. एकोणऐंशी वर्षांची बाई दर सकाळी टपालाची वाट बघत असेल, हे गणित मला येत होतं. सुहासिनीला मी सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "तुमच्या राजाराम काकांनाही तुम्ही पत्र लिहिणार होतात."

सप्टेंबरात गणपती आला. शनिवारी दुपारपासून क्लबात गडबड. पद्मिनी मावशी मोदकांवर, रवी माइकवर, फ्रँक पाण्याने भरलेली बादली घेऊन कोपऱ्यात, जुन्या नोकरीवर रुजू झाल्यासारखा. भिंतीवर ती पाटी, नेमकी मखराच्या वर. सुहासिनीने रांगोळीची पिशवी उघडली. बॉस्टनच्या विमानतळावर त्या पांढऱ्या पुडीपायी आम्हाला पाऊण तास बसवून ठेवलं होतं, पण तो वेगळा विषय. हॉलच्या मधोमध मोठं वर्तुळ काढायचं तिने ठरवलं होतं.

"अहो, जरा दोरीचं टोक धरा."

मी उकिडवा बसलो आणि टोक धरलं. ती दोरी ताणून वाकली, चिमटीतून पांढरी रेघ सोडत फिरू लागली. चारी बाजूंनी माणसं कौतुकाने बघत होती. फ्रँकही बादली घेऊन पुढे आला.

"वा! अगदी मैदानाच्या मधल्या वर्तुळासारखं," तो म्हणाला.

मला बोटांतली दोरी एकाएकी इतकी जड वाटली की सांगता येत नाही. मी तशाच बसल्या जागेवरून म्हणालो, आणि आवाज माझ्याही ओळखीचा नव्हता, "मिस्टर हॅनरहन, तुमचा काका खेळला नाही. तो हे करायचा."

पत्र मी खिशात आणलं होतं. का आणलं होतं ते मला माहीत नाही. चार महिन्यांत ते प्रथमच कोशाबाहेर आलं होतं. फ्रँकने बादली खाली ठेवली, चष्मा लावला आणि वाचू लागला. रवीचा चेहरा खोबऱ्यासारखा झाला. आरतीला वीस मिनिटं होती, दोनशे माणसांपैकी दीडशे आली होती.

फ्रँकने पत्र संपवलं, परत पहिल्यापासून वाचलं, आणि वर पाहिलं.

"पत्रावर मे महिन्याची तारीख आहे."

"हो."

"चार महिने! बाई एकोणऐंशी वर्षांची आहे, प्रोफेसर! तुम्ही हे पत्र दाबून बसलात?"

मला वाटलं होतं तो पाटीबद्दल ओरडेल. मी कसाबसा म्हणालो, "हॉल… गणपती…"

"हॉल?" त्याच्या आवाजाने मोदकांवरची वाफसुद्धा थांबली असेल. "हॉलचा काय संबंध? हॉल मी शेजाऱ्यांना दिला होता!" आणि तो ताडताड निघून गेला.

"काका," रवी हळूच म्हणाला, "एक दिवस थांबला असतात, यार."

फ्रँक परत आला तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. सरळ मखराशी गेला, खुर्चीवर चढला आणि पाटीला हात घातला. पद्मिनी मावशी मोदकांचं ताट छातीशी धरून उभ्या. पाटी निघाली की पाठोपाठ आपण, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. फ्रँकने खालचे दोन स्क्रू सैल केले आणि मान वळवली.

"प्रोफेसर, तुमच्या त्या पुस्तकात चूक निघाली की काय करता? पुस्तक जाळता?"

"नाही. शुद्धिपत्र जोडतो. कागदाची पट्टी."

"मग जोडा. ऑफिसात टाइपरायटर आहे."

मी टाइप करत असताना तो माझ्या मागे उभा होता. मग म्हणाला, "बाप म्हणायचा, मॉसी प्रत्येक सामन्याला सगळ्यात आधी मैदानात असायचा." थोड्या वेळाने, "खोटं नव्हतं म्हणा."

आयुष्यात मी अनेक शुद्धिपत्रं केली, पण घाईत केलेलं आणि एकही चूक नसलेलं हे एकच. 'ओळ पहिली: "खेळला" याऐवजी "मैदानावर रेघा मारल्या" असे वाचावे. दोरीचे दुसरे टोक: कुमारी नोरा टूमी. ओळ दुसरी: "प्रोफेसर" याऐवजी "ग्रंथपाल" असे वाचावे.' फ्रँकने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"मी प्रोफेसर नाही. कधीच नव्हतो."

"हे किती महिने दाबून ठेवलंत?"

"तीन वर्षं."

त्याने मान हलवली, पट्टी पाटीखाली सरकवली आणि स्क्रू आवळले. आरती पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली. अकरा वड्या पेटल्या, आणि फ्रँकने त्या विझेपर्यंत बादलीच्या कडीवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्मशानभूमीत गेलो. मॉसीचा दगड होता, नावही होतं, पण गवत पार अक्षरांवर चढलेलं. फ्रँकने ते कापलं. कापताना कडा वाकडी झाली म्हणून त्याने खिशातून दोरी काढली आणि एक टोक माझ्याकडे फेकलं. मग त्याने दगडाचा एक फोटो काढला. पाटीचा, पट्टीसकट, आदल्या दिवशीच काढला होता.

फोटो धुऊन आल्यावर मी उत्तर लिहिलं. ते दहा ओळींतच झालं. उशिराबद्दलची माफी मात्र दीड पान. सुहासिनी माझ्याबरोबर रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत आली. मी तिकिटं परत मोजली, पत्ता परत वाचला, पेटीचं झाकण ओढलं, पाकीट आत टाकलं आणि झाकण सोडलं. पाकीट आत अडकलं तर नाही ना, म्हणून ते पुन्हा उघडून पाहिलं. तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा पलीकडच्या अंगणातून फ्रँक ओरडला, "प्रोफेसर, हात खाली!"

"अहो, गेलं ते," सुहासिनी म्हणाली.